रविवारचं पाणी

फोन आला तेव्हा वहिनी माझ्या नाहूरच्या घरात, स्वयंपाकघरात खाली बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. तिचा वरचा ओठ सुजलेला होता आणि चहासुद्धा तिला एका कडेने घ्यावा लागत होता. फोन बोरिवलीहून, दादाच्या शेजारच्या मीनाबेनचा. "शुभाबेन, जल्दी या. सुधीरभाई बाल्कनीत पडलेत. करंट लागला. वॉचमनने मेन स्विच बंद केला, दरवाजा तोडला, पण..." मी फोन ठेवला. दादाला शॉक लागलाय, एवढंच मी वहिनीला सांगितलं. तो गेला, हे माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं असावं. हातातली शेंग तिने ताटात ठेवली आणि विचारलं, "बटणापाशी कोण होतं?"

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, अशी आपल्याकडे रीत आहे. दादा गेल्यावर त्याच्या मासे पाळणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर पुष्कळ चांगलं लिहिलं गेलं. माशांवर जिवापाड प्रेम करणारा माणूस, हळव्या मनाचा सुधीर, वगैरे. वाचून माझं डोकं फिरलं. माझा भाऊ हळव्या मनाचा नव्हता. तो मारायचा. शाळेत असताना त्याने वर्गातल्या एका मुलाचं डोकं नळावर आपटलं होतं, कारण त्या मुलाने माझी वेणी ओढली होती. मुलाच्या कपाळातून रक्त आलं, त्याची आई आमच्या लालबागच्या चाळीत येऊन रडली, आणि मी, खरं सांगते, त्या संध्याकाळी फार ऐटीत होते. आपल्यासाठी कोणीतरी रक्त काढतं याचं लहानपणी अप्रूपच वाटतं. पुढे तोच हात आपल्याच घरातल्या माणसावर पडायला लागला की मग त्या अप्रूपाचं काय करायचं ते कळत नाही. मला अजून कळलेलं नाही.

दादा साकीनाक्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये फोरमन होता. लोखंड कापणं, भोकं पाडणं, पट्ट्या वाकवणं ही तिथली कामं. हातात कसब होतं आणि डोक्यात कायम विस्तव. लग्नानंतर बोरिवलीला राहायला गेला. मूलबाळ झालं नाही. कुठल्याशा ओळखीच्या दुकानात त्याने खाऱ्या पाण्यातले मासे पाहिले आणि त्याला वेडच लागलं. ते नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, निळ्या कडेचे, हातात घेतले तर विरघळतील असे. हॉलमध्ये सोफा होता तिथे काचेची मोठी टाकी आली. आई तेव्हा गावाहून आली होती. तिने टाकीपुढे खुर्ची ओढली, सगळे मासे नीट न्याहाळले आणि म्हणाली, "खावक नाय ते मासे पाळतत कित्याक?" दादासुद्धा हसला. त्याच्या हसण्याच्या ज्या थोड्या आठवणी माझ्यापाशी आहेत, त्यातली ही एक.

आता खाऱ्या पाण्यातल्या माशांना खारं पाणी लागतं, आणि त्यातलं थोडं दर आठवड्याला काढून तितकंच नवीन घालावं लागतं. दुकानदाराने दादाला खास मीठ आणून घरी पाणी तयार करायला सांगितलं. पण आम्ही पडलो कोकणातले. आम्हाला तांदूळ गावचा लागतो, सोलं गावची लागतात, मसाला गावचा लागतो. दादाने ठरवलं, समुद्रही गावचाच आणायचा. गणपतीहून परतताना त्याने आमच्या किनाऱ्यावरून कॅन भरभरून पाणी घेतलं आणि ते बसच्या पोटात, सामानाच्या डिकीत घालून बोरिवलीला आणलं. कॅन कुठले, तर घरातलेच, कोकमाच्या आगळाचे. आगळ किती आंबट आणि खारट असतं ते आमच्या माणसांना सांगायला नको. वहिनीने ते कॅन घासले होते, उन्हात वाळवले होते. पण आगळ प्लॅस्टिकमध्ये मुरतं. नवीन पाणी टाकीत पडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे कुशीवर तरंगत होते.

दादाने वहिनीला विचारलं, "कॅन धुतलेस?" ती म्हणाली, "धुतले." त्याने हातातला कॅन तिच्या तोंडावर फेकला. रिकामाच होता, पण फेकणारा हात वर्कशॉपमधला. तिची भुवई फाटली. दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरला तिने सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. मला तिने खरं सांगितलं, आणि वर हेही सांगितलं, "पण शुभा, मी खरंच धुतले होते गं." त्या 'पण'चा मला इतका राग आला होता, की मी तिलाच ओरडले. आम्ही वयाने सारख्या, म्हणून एकमेकींना अगं-तुगं करतो. मी म्हटलं, निघून ये माझ्याकडे. ती नाही आली. त्यानंतर मी हे दर वेळी म्हणत आले आणि ती दर वेळी नाही म्हणत आली.

त्या माशांच्या मरणानंतर दादाने खारं पाणी घरी बनवायचा सगळा सरंजाम उभा केला. "आता कोणावर विसंबायचं नाही," म्हणाला. स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची छोटी बाल्कनी होती, तिथे. वर्कशॉपमधून अँगल आणून त्याने दोन मजली स्टँड जोडला. वर एक निळा ड्रम, खाली एक निळा ड्रम. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना बाधतं, म्हणून आधी फिल्टर. गाळलेलं गोडं पाणी वरच्या ड्रममध्ये साठायचं, तिथून पाइपने खालच्या ड्रममध्ये उतरायचं. खालच्या ड्रममध्ये तो मीठ सोडायचा, मुठीने, हळूहळू, देवाला अक्षता वाहाव्यात तसं. आत बुडवलेला एक पंप ते पाणी दिवसभर घुसळत ठेवायचा. "पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी नाही. उलटं केलं की दुधासारखं फुटतं, मग ते फेकून द्यायचं," हे त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल. खारटपणा मोजायची एक नळी होती. तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळं दिसतं आणि खाली पांढरं, आणि दोघांमधली रेघ आकड्यावर आली की झालं. एकदा त्याने ती माझ्या डोळ्याला लावली. माझी मान धरून हलकेच उजेडाकडे वळवली आणि म्हणाला, "बघ. झाला ना समुद्र?" त्याचा हात माझ्या मानेवर होता आणि मला भीती वाटत नव्हती. म्हणून ते लक्षात आहे.

त्याच आठवड्यात टाकीत नव्याने आणलेल्या एका दांडग्या माशाने दुसऱ्या माशाची शेपटी कुरतडून टाकली. दादाने टाकीत हात घालून त्याला पकडलं. माशाने बोटाचा लचका तोडला, तेव्हा त्याने त्याला फरशीवर आपटलं, आणि एकदा आपटून भागलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा. मग रक्ताळलेलं बोट तोंडात धरून, टाकीचं पाणी खराब झालं म्हणून नवीन पाणी बनवायला बाल्कनीत गेला. वहिनीने फरशी पुसली. तेव्हा मी तिथेच बसले होते, हातात कांदेपोह्यांची बशी घेऊन.

आता त्या बटणाविषयी सांगते. वर्कशॉपमध्ये त्यांचा एक नियम होता. मशीनमध्ये हात घालायचा असेल तर दुसरा माणूस स्विचपाशी उभा राहणार. हात घालणारा ओरडणार, "बंद!" स्विचवाल्याने बंद करून ओरडायचं, "केलं!" ते 'केलं' कानावर आल्याशिवाय हात आत जाणार नाही. हाच नियम दादाने घरी लावला. ओला हात आणि बटण एका ठिकाणी येता कामा नये, म्हणून ड्रमच्या पंपाचं बटण त्याने मुद्दाम आत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर घेतलं होतं. रविवारी पाणी बदलायचा कार्यक्रम. तळाशी बसलेलं मीठ हलवायला, पंपाची जाळी साफ करायला ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घालावा लागायचा. बाल्कनीतून तो ओरडायचा, "बंद!" आतून वहिनी, "केलं!" मग तो हात घालायचा. पाण्यात करंट आला की आपोआप वीज तोडणारा एक खटका असतो, तो इलेक्ट्रिशियनने बसवून दिला होता. पण तो सारखा पडायचा, टाकीचा पंप बंद पडायचा, म्हणून दादाने तो काढून टाकला. म्हणजे त्या घरात दादाचा जीव रविवारच्या रविवार फक्त वहिनीच्या एका शब्दावर असायचा. ज्या बाईला तो मारत होता तिच्या. जगात त्याने दुसऱ्या कोणावर इतका भरवसा ठेवला नाही. खालच्या मजल्यावरच्या माणसाने गळतीची तक्रार केली तर त्याची कॉलर धरली, सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यात ढकललं, सख्ख्या बहिणीला घराची चावी दिली नाही. आणि हिच्या 'केलं'वर डोळे मिटून खाऱ्या पाण्यात हात.

शेवटचं भांडण शनिवारी झालं. मिठाच्या डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं, दमट हवेत मिठाने ओल धरली, त्याचा दगड झाला. झाकण कोणी उघडं ठेवलं ते देव जाणे. दादाने ड्रममधला पंप वायरला धरून हिसडून बाहेर काढला आणि वायरीसकट वहिनीवर फिरवला. पंप तिच्या ओठावर बसला, मग भिंतीवर. तिने बाथरूममध्ये कडी लावून मला फोन केला. या वेळी मी 'निघून ये' म्हटलं नाही, टॅक्सी करून सरळ गेले. दार दादानेच उघडलं. मला वाटलं, मलाही मारेल. तो नुसता उभा राहिला. वहिनीची पिशवी मी उचलली, तिला पुढे घातलं, आणि आम्ही लिफ्टपाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाला, "उद्या रविवार आहे. पाणी बदलायचंय. बटण कोण बघणार?"

मी म्हटलं, "तुझं तू बघ."

लोकांना वाटतं, हे वाक्य मला आता टोचत असेल. नाही टोचत. त्या दारात पुन्हा उभी राहिले, तर पुन्हा हेच म्हणेन.

रविवारी त्याने भांडणात तुटलेली वायर स्वतः जोडली, वर काळी टेप गुंडाळली आणि पंप परत ड्रममध्ये सोडला. फोरमन माणूस, पाण्यात बुडणाऱ्या वायरला टेप चालत नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण रागात त्याला काही कळायचं नाही. नंतर वायरमनने तो जोड आम्हाला दाखवला, नखाने टेप उचलून. मीनाबेनची बाल्कनी दादाच्या बाल्कनीला लागून आहे. त्यांनी जे ऐकलं ते मला सांगितलं, हळू आवाजात, वहिनी आतल्या खोलीत असताना. "पहिले बोलले, बंद. रोज के जैसा. मग थोडा वेळ काहीच नाही. मग जोरात, गुस्सा करून, बंद! आणि मग पडल्याचा आवाज..." रिकाम्या घरात तो दोनदा ओरडला होता. पहिल्यांदा सवयीने. दुसऱ्यांदा त्याला आठवलं असणार, की आत कोणी नाही. त्याच रागात त्याने हात घातला असणार. मी माझ्या भावाला ओळखते.

आई गावाहून आली ती थेट त्या घरात. अंत्यविधी झाले, दिवस झाले, ती परत गेली नाही. तिने माझ्याकडे बघून सगळ्यांसमोर सांगितलं, "तिका घेवन गेलंस म्हणान माझो झील गेलो." माझ्याशी निदान एवढं तरी बोलली. वहिनीशी एक अक्षर नाही. वहिनीने वाढलेलं जेवायची, पण ताट तिच्या हातून घ्यायची नाही. खाली ठेवलं की मग उचलायची. नातेवाईक बायका येत, टाकीपुढे बसत आणि वहिनीकडे तिरक्या नजरेने बघत विचारत, "तू कुठे होतीस गं तेव्हा?" तिचा ओठ अजून काळा होता. तो कोणाला दिसत नव्हता. वहिनी प्रत्येकीला एकच उत्तर द्यायची, "मी घरी नव्हते." ती अशा सुरात सांगायची की ऐकणारीला वाटावं, हिने गुन्हा कबूल केला. तीही आपण तो केलाय असं धरून चालली होती. झोप उडाली होती. तिच्या बोलण्यात मध्येच यायचं, "मी एक दिवस थांबले असते तर..." मी म्हणायचे, थांबली असतीस तर आज तू फोटोत असतीस. तिला ते पटायचं नाही. मला दादापेक्षा जास्त काळजी आता तिची होती.

मासे दादाच्या त्या ग्रुपमधला एक माणूस घेऊन गेला. टाकी दादाची आठवण म्हणून चालू ठेवा, आम्ही शिकवू, असं तो वहिनीला म्हणत होता. मी त्याला दार दाखवलं. टाकीही गेली. राहिला बाल्कनीतला खालचा ड्रम, भरलेला, वर मिठाची साय आलेला. त्याला कोणी हात लावत नव्हतं. शेवटी एका सकाळी मी मोरीकडे नळी टाकली, तेव्हा आई आडवी आली. "ज्या पाण्यात माझ्या झिलाचो जीव गेलो, ता पाणी गटारात सोडूचा नाय. दर्यात सोडा." आता ते पाणी बोरिवलीच्या नळाचं, मीठ दुकानातलं. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. पण आईपुढे हे कोण बोलणार? पिण्याच्या पाण्याचे जार असतात ना, ते आणले, भरले, दोन रिक्षा केल्या आणि गोराईच्या खाडीच्या धक्क्यावर गेलो. आई, वहिनी आणि मी.

ओहोटी लागली होती. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, खाली चिखल, खारफुटीत अडकलेल्या पिशव्या. आम्ही एक-एक जार ओतायला सुरुवात केली. आई वरच्या पायरीवर बसून बघत होती. शेवटचा जार वहिनीने उचलला, तेव्हा आई तिच्याशी बोलली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. "तू घरात आसतंस, तर तो वाचलो आसतो."

वहिनीने जार खाली ठेवला. मी मध्ये पडणार होते, पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. "हो आई. वाचले असते," ती म्हणाली. "मी दर रविवारी त्या बटणापाशी उभी असायचे. हे ओरडायचे, बंद. त्यानंतर माझा शब्द ऐकेपर्यंत यांचा हात ड्रमवर थांबलेला असायचा आणि माझं बोट बटणावर. मला काही करायचं नव्हतं आई, नुसतं खोटं बोलायचं होतं. 'केलं' म्हणायचं आणि करायचं नाही. ज्या आठवड्यात मारलं असेल त्या आठवड्यात मनात यायचं. म्हणजे बहुतेक रविवारी यायचं..." ती थांबली नाही. "एकदाही केलं नाही. उलट मी बटण नीट बंद झालंय ना, ते पुन्हा दाबून बघायचे, मग सांगायचे. आपल्या हातून चुकून होईल अशी भीती वाटायची मला. आई, मी तिथे नव्हते तेव्हा हे गेले. मी तिथे असताना कधी गेले नाहीत."

मला वाटलं, आता आई तिला मारेल. आईचा चेहराच तसा झाला होता. तिने खाली चिखलात कलंडलेल्या एका होडीकडे मान वळवली. मग बोलली ती वहिनीकडे न बघताच.

"लालबागाक आमच्या खोलयेत फळयेर उंदरांचा औषध आसायचा. तुझ्या सासऱ्याक पेज वाढताना माझी नजर थयच जायची. रोज. हात गेलो नाय. नजर गेली."

माझे बाबा. गिरणीतून आले की मला खांद्यावर घेऊन चाळीच्या टोकापर्यंत फिरवून आणणारे माझे बाबा.

आई पायऱ्या उतरून खाली आली आणि तिने जार उचलायला हात घातला. तिला तो पेलेना. वहिनीने दुसऱ्या बाजूने धरला. दोघींनी मिळून तो कलता केला आणि पाणी संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. मला कोणी हात लावायला बोलावलं नाही, आणि मीही पुढे गेले नाही.